मदत हवी आहे: नवे हेड कोच स्टाफशी बोलतच नाहीत म्हणे. नोकरी घ्यावी का?

पंचगंगा

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या खेळ विभागात काम केलेलं कुणी इथे असेल, तर सल्ला हवा आहे. लवकर निर्णय कळवायचा आहे आणि मला काही सुचेनासं झालंय.

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात डेटा सायन्सचं एम.एस. करते, मे महिन्यात संपेल. शिकता शिकता इथल्या फुटबॉल (अमेरिकन, हेल्मेटवालं) संघाच्या स्पोर्ट्स सायन्स विभागात अर्धवेळ काम करते. सरावाला उतरताना पोरं जर्सीच्या आत एक आखूड बनियन घालतात, त्यात दोन खांद्यांच्या मधोमध काडेपेटीएवढं जीपीएस यंत्र बसवलेलं असतं. सराव संपला की मी ती सगळी यंत्रं गोळा करून पुसते, नंबराप्रमाणे चार्जिंगच्या पेटीत लावते आणि तक्ता काढते. कोण किती पळालं, किती वेगात, कुणावरचा भार मागच्या आठवड्यापेक्षा एकदम वाढलाय, हे त्यात दिसतं. आमचे डायरेक्टर तो कागद घेऊन थेट हेड कोचच्या खोलीत जायचे. "या तिघांना आज कमी पळवा," एवढंच सांगून यायचे आणि मैदानावर तसं झालेलं मला डोळ्यांनी दिसायचं. या कामाचं मला खरंच प्रेम आहे.

सीझन वाईट गेला, कोचना काढलं. डिसेंबरात नवे कोच आले आणि मला पूर्णवेळ नोकरी देऊ केली आहे. पण त्यांच्या आधी त्यांच्याबद्दलच्या वावड्याच येऊन पोचल्या. आधीच्या विद्यापीठात म्हणे त्यांच्या मजल्यावर कुणी विनाकारण फिरकायचं नाही. जे काही सांगायचं ते चीफ ऑफ स्टाफमार्फत. लिफ्टमध्ये ते असले तर बाकीचे जिन्याने जायचे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचे की कॉरिडॉरमध्ये स्वतःहून 'गुड मॉर्निंग' म्हणू नकोस. हे मला तिथे व्हिडिओ विभागात एक सीझन काढलेल्या मुलाने सांगितलं. फॅन लोकांच्या चर्चेतही हेच फिरतंय, पण तिथे कोण कुणाचं ऐकून लिहितं देव जाणे.

आता दुसरी बाजू. त्यांच्याबरोबर तिथून इथे आलेले इक्विपमेंट रूमचे काका (वय साठीच्या आसपास, हेल्मेटं दुरुस्त करतात) म्हणतात, असा माणूस मिळणार नाही. त्यांच्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी कोचनी रोज फोन केला. धुलाई करणाऱ्या पोरांचीही नावं त्यांना पाठ आहेत म्हणे. एकाच माणसाबद्दल हे दोन्ही खरं कसं असेल?

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या (आपल्याकडच्या, पायाने खेळायच्या) फुटबॉल मॅच बघत मोठी झाले. आमच्याकडे तालमीच्या संघाचा कोच पेठेतलाच असतो, संध्याकाळी कट्ट्यावर हमखास सापडतो. "दादा, त्या पोराला उगाच बाहेर काढलंत" असं कुणीही जाऊन सांगावं आणि त्यांनीही ऐकून घ्यावं. त्यामुळे या वरच्या मजल्याच्या गोष्टी ऐकून माझं मन कच खातंय. दुसरी ऑफर एका विमा कंपनीची आहे. पगार जास्त, शनिवार-रविवार सुट्टी, पण काम अगदी रुक्ष.

माझे प्रश्न: या ऐकीव गोष्टींची शहानिशा कशी करायची? आणि होकार देण्याआधीच्या बोलण्यात, समोरच्याला न दुखावता, नेमकं काय विचारायचं?

सुरंगी

पंचगंगा, मी मूळची पुण्याची फिजिओ. इथे येऊन ॲथलेटिक ट्रेनिंगची (खेळाडूंच्या दुखापती आणि दुखणी सांभाळायची) पदवी घेतली आणि गेली बरीच वर्षं कॉलेजच्या खेळाडूंबरोबरच काम करते. तुझा प्रश्न मी अजिबात हलका समजत नाही.

कोच लिफ्टमध्ये बोलतो की नाही, हे सोड. सीझनआधीच्या ऑगस्टमधल्या सराव शिबिरात तो चार-पाच तास झोपलेला असतो, डोक्यात पन्नास गोष्टी असतात. काही माणसं मुळात अबोलही असतात. तू शोधायचंस ते हे, की वाईट बातमी त्याच्यापर्यंत किती वेळात पोचते आणि ती पोचवणाऱ्याचं पुढे काय होतं.

मेरीलँड विद्यापीठाचं २०१८ सालचं प्रकरण नक्की वाच. २९ मे रोजी सरावात ११० यार्डांच्या धावा चालू होत्या. जॉर्डन मॅकनेर हा १९ वर्षांचा लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) उष्माघाताने कोसळला. अशा वेळी माणसाला ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बुडवायचं असतं, हे आमच्या शिक्षणातलं अगदी प्राथमिक ज्ञान. ते झालं नाही. १३ जूनला तो गेला. विद्यापीठाने ऑगस्टमध्ये जबाबदारी मान्य केली. संघातल्या वातावरणाची वेगळी चौकशी झाली, तिच्या अहवालात 'विषारी' हा शब्द नाकारला होता, पण बोलायची भीती वाटणारे खेळाडू फार होते आणि त्यामुळे दुखणी आतल्या आत चिघळत राहिली, असं स्पष्ट म्हटलं होतं. हेड कोच डी. जे. डर्किन यांना ३० ऑक्टोबरला पुन्हा कामावर घेतलं आणि ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी काढलं. तो अहवाल आला तेव्हा आमच्या ट्रेनिंग रूममध्ये आम्ही सगळ्यांनी मिळून वाचला होता. अजूनही आठवला की घशाशी येतं.

आता तुझ्यापुरतं. एनसीएए म्हणजे इथल्या कॉलेज खेळांची संघटना. तिच्यातल्या पाच मोठ्या कॉन्फरन्सनी (विद्यापीठांच्या गटांनी) २०१६ साली नियम केला की खेळाडूवरचे उपचार आणि तो मैदानावर कधी परतणार, यात शेवटचा शब्द डॉक्टर आणि ॲथलेटिक ट्रेनरचा. कोचला तो फिरवता येत नाही. पण तुझं पद त्या नियमात बसत नाही! तुझा तक्ता म्हणजे फक्त सल्ला. म्हणून पहिला प्रश्न हा विचार: स्पोर्ट्स सायन्स विभाग कुणाच्या हाताखाली आहे? हेड कोचच्या, स्ट्रेंग्थ कोचच्या (पोरांकडून व्यायाम करून घेणाऱ्याच्या) की स्पोर्ट्स मेडिसिनच्या (संघाच्या डॉक्टरांच्या विभागाच्या)? मेडिसिनच्या असेल तर कोच कितीही तुसडा असो, तुझ्या आकड्याला डॉक्टरचा आवाज मिळतो. स्ट्रेंग्थ कोचच्या हाताखाली असेल तर मात्र दहादा विचार कर, कारण ज्याने पोरांना पळवलं त्यालाच जाऊन तुला सांगावं लागेल की जास्त पळवलंस.

गच्चीवरचा

फुटबॉलवेडा आहे, आतला माणूस नाही. तरी कडक आणि अप्राप्य यात फरक करावा असं मलाही वाटतं. अलाबामा विद्यापीठाचे हेड कोच असलेल्या निक सेबनचंच घ्या. तिथे २००७ पासून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत सहा राष्ट्रीय विजेतेपदं. लेन किफिन त्यांचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (चढाईची आखणी करणारा कोच) असताना टीव्ही कॅमेऱ्यांसमोर त्याच्यावर कसे ओरडायचे ते सगळ्या देशाने पाहिलंय. तरी त्यांचा असिस्टंट कर्बी स्मार्ट तिथे २०१५ पर्यंत टिकला. हेड कोच म्हणून नारळ मिळालेला स्टीव्ह सार्किसियन २०१६ मध्ये तिथे साधा ॲनालिस्ट म्हणून रुजू झाला, पुढे परत येऊन कोऑर्डिनेटर झाला आणि २०२१ मध्ये टेक्सासचा हेड कोच. ओरडा खाऊनही माणसं तिथे शिकायला जातच होती.

शहानिशेचा एक साधा मार्ग सांगतो. वेबॅक मशीनवर (जुनी वेब पानं साठवणारी साइट) नव्या कोचच्या आधीच्या विद्यापीठाची स्टाफ डिरेक्टरी दरवर्षीची काढा. कोऑर्डिनेटर आणि असिस्टंट कोच बघू नका, ते बढतीसाठी सोडतातच. व्हिडिओ, इक्विपमेंट, आहारतज्ज्ञ, ऑफिसातली मंडळी बघा. ही माणसं त्याच गावात घर करून राहतात, सहसा हलत नाहीत. तीच दरवर्षी बदलत असतील तर कुठेतरी पाणी मुरतंय. ते विद्यापीठ सरकारी असेल तर कोचचा करार माहिती कायद्याखाली मागता येतो. बहुतेकदा वर्तमानपत्रांनी तो आधीच मिळवून छापलेला असतो.

नाना_न्यूजर्सी

बाळ, व्हिसाचं बघितलंस का? ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावर मिळणारी कामाची मुभा) एकूण ९० दिवसच बेकार राहता येतं. फुटबॉलमध्ये कोच गेला की नोव्हेंबर-डिसेंबरात त्याच्याबरोबर स्टाफही घरी जातो, हे तू आत्ताच पाहिलंस. स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञान पदव्यांसाठीची) २४ महिन्यांची वाढ हवी असेल तर विद्यापीठ ई-व्हेरिफायमध्ये (कामाचा परवाना तपासायची सरकारी यंत्रणा) आहे का ते आधी विचार, आणि त्या वाढीसाठी लागणाऱ्या आय-९८३ या प्रशिक्षणाच्या फॉर्मवर सही कोण करणार तेही. ज्याची सही, तो तुझा खरा साहेब. एक मोठा फायदा मात्र आहे, विद्यापीठातल्या नोकरीसाठी एच-वन-बी या कामाच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव घालावं लागत नाही. विमा कंपनीत ते घालावं लागेल.

पंचगंगा

सुरंगीताई, नाना, गच्चीवरचा, खूप आभार. डिरेक्टरी काल रात्री बसून पाहिली. इक्विपमेंट आणि ऑफिसातली माणसं बहुतेक तीच आहेत. व्हिडिओ विभागात मात्र दरवर्षी नवी नावं. म्हणजे मला सांगणारा मुलगा खोटं बोलत नव्हता, काकाही नव्हते. व्हिडिओच्या साहेबाबद्दल वेगळी चौकशी करते आहे, कारण जिन्याने जायची तंबी देणारा तोच असावा असं आता वाटतंय.

हाताखाली कोणाच्या, हा प्रश्न डायरेक्टरना ईमेलने विचारला. उत्तर आलं की अजून ठरतंय, स्ट्रेंग्थ कोच विभाग स्वतःकडे मागतोय. ताई, अशा वेळी ऑफर लेटरमध्ये "रिपोर्टिंग स्पोर्ट्स मेडिसिनकडे" असं लिहून मागितलं तर आगाऊपणा वाटेल का? आणि मागायचं तर एचआरकडे की थेट टीमच्या डॉक्टरांकडे जाऊन बोलू?