इंजिन कधी फिरतं, कधी जाम: घरी तपासायचं कसं?

चावी_हातात: पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर. अधूनमधून सेल मारला की नुसता एकच ‘ठक्’. दिवे मंद होतात, इंजिन जागचं हलत नाही. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू. ऑइल लेव्हल बरोबर आहे. इंजिन खोलण्याआधी घरी काय बघू?

गोटीपाना: तापून पिस्टन धरला तर गार झाल्यावर सुटतो खरा, पण मग धूर, आवाज, ऑइल जळणं हे मागे लागतंच. तसलं काही नसेल तर दोष बहुतेक बाहेरचा.

आधी मीटर. उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूला लावून सेल मारा. 0.5 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची केबल खराब. फक्त बॅटरीचं व्होल्टेज पडलं म्हणून बॅटरीला दोष देऊ नका, अडकलेला स्टार्टरही ते तसंच पाडतो.

पुन्हा ‘ठक्’ झालं की चावी सोडा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, गाडी न्यूट्रलला, आणि क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकाचं चाक) बोल्टला गोटी (सॉकेट पाना) व लांब दांडा लावून इंजिन चालत्या दिशेने फिरवा. पूर्ण दोन फेरे. सहज फिरलं तर इंजिन आतून जाम नाही. उलटं फिरवू नका, बोल्ट ढिला होतो.

रिंगगिअर: माझा संशय स्टार्टरच्या पिनियनवर, म्हणजे सेल मारताना फ्लायव्हीलच्या कडेच्या दातेरी रिंगमध्ये अडकून इंजिन फिरवणाऱ्या छोट्या गिअरवर. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा त्याच दोन जागी थांबतं, समोरासमोर. त्यामुळे रिंगचे दात तेवढ्याच दोन ठिकाणी झिजतात आणि पिनियन तिथेच अडकतं. चावी बंद, टॉप गिअर, हँडब्रेक खाली, गाडी पुढे-मागे हलवा. ‘टक्’ होऊन सुटली तर हेच. स्टार्टर काढून त्या भोकातून दात बघा, इंजिन हाताने फिरवत.

थेंबथेंब: थांबा, गिअरमध्ये हलवण्याआधी स्पार्क प्लग काढा! सिलिंडरमध्ये कूलंट किंवा पेट्रोल साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकेल. अर्ध्या तासात मोकळं होणं यातही बसतं, कारण द्रव पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपतो. कॉइलचे कनेक्टर आणि फ्युएल पंपाचा फ्यूज काढून पुली हाताने फिरवा, तोंड भोकांपासून लांब ठेवा. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्याच सिलिंडरकडे बघा. कूलंट निघालं तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलं. पेट्रोल निघालं तर गळका इंजेक्टर, आणि मग डिपस्टिकलाही पेट्रोलचा वास येतो.

गोटीपाना: बरोबर, प्लग आधी. अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा पट्टाही उतरवून अल्टरनेटर हाताने फिरवा, तो जाम नाही ना बघा. एसीची पुली मोकळी फिरली म्हणून फसू नका, तिच्या पुढची क्लचची चकती फिरवून बघा. तशी शक्यता कमीच. यातलं काही जाम झालं तर पट्टा आधी किंचाळतो.

चावी_हातात: रिंग झिजली असेल तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल?

रिंगगिअर: हो. नवी रिंग तापवून फ्लायव्हीलवर बसवतात. क्लच प्लेट त्याच वेळी बघून घ्या. नुसते पिनियनचे दात गेले असतील तर स्टार्टर काढून काम भागतं.