शब्दचर्चा: ‘मिश्र पद्धती संशोधन’ म्हणजे नेमकं काय?

वाचनवेडी
एम.एड.च्या लघुशोधप्रबंधाचा विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या मुलांची हंगामी गैरहजेरी. हजेरीपटांवरून आकडे काढून झालेत, पालकांच्या आणि गावात मागे राहिलेल्या आजी-आजोबांच्या मुलाखतीही घेतल्यात. मार्गदर्शक बाई म्हणतात, शीर्षकात ‘संमिश्र संशोधन पद्धती’ असं लिही. पुस्तकांत कुठे ‘मिश्र’, कुठे ‘संमिश्र’, कुठे ‘बहुपद्धती’ असं सापडतं. तिन्ही एकच का? शिवाय ‘गुणात्मक’ म्हटलं की शाळेतले सहकारी विचारतात, म्हणजे मार्कांचा अभ्यास का?

आकडेमोड
सहकाऱ्यांचं काही चुकलेलं नाही. शाळेत गुण म्हणजे मार्क, आणि मार्क तर निव्वळ संख्या! त्यात ‘गुणवत्ता यादी’ आहेच. त्यामुळे शिक्षणशास्त्रात ‘गुणात्मक’ हा शब्द नेमका उलटा ऐकू जातो. पण आता तो रुळलाय, बदलू नका. पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगून टाका: बोलण्यातून, निरीक्षणातून, कागदपत्रांतून शब्दरूपाने मिळालेली माहिती. दुसऱ्या बाजूला ‘संख्यात्मक’ लिहा. ‘परिमाणात्मक’ही बरोबर आहे, पण वाचताना जड जातं.

‘मिश्र’ आणि ‘संमिश्र’ यांत या संदर्भात फरक नाही. एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. ‘बहुपद्धती’ मात्र वेगळं. हजेरीपट, चाचणी आणि प्रश्नावली अशा तीन साधनांनी माहिती घेतली आणि तिन्हींतून आकडेच आले, तर पद्धती अनेक झाल्या, पण संशोधन मिश्र नाही झालं. मिश्र म्हणायला संख्यात्मक आणि गुणात्मक दोन्ही अंगं हवीत, आणि एकाच प्रश्नासाठी त्यांचा मेळ घातलेला हवा.

(शुद्धलेखनाचं एक: सुटा शब्द ‘पद्धती’, पण समासात ‘पद्धतिशास्त्र’, ति ऱ्हस्व.)

शिवार
मी आरोग्याच्या क्षेत्रात काम करतो. ‘मेळ’ या शब्दावर थोडं थांबायला हवं असं वाटतं. बरेच प्रबंध असे येतात की चौथ्या प्रकरणात तक्ते, पाचव्यात मुलाखतींचे उतारे, आणि दोन्हींची गाठ कुठेच पडत नाही. मिश्रपिकात आणि एका बांधाला ज्वारी, दुसऱ्या बांधाला तूर लावण्यात जो फरक, तोच इथे.

गडचिरोलीचं उदाहरण बघा. डॉ. राणी आणि अभय बंग यांचा 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास. दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी झाली आणि 92 टक्के स्त्रियांमध्ये कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक आजार सापडला. याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम 8 टक्के. आकडा हादरवणारा आहे, पण बाया दवाखान्यात का येत नव्हत्या हे त्या आकड्यात नाही. बंग दांपत्याने पुढे अंगावरून पांढरं जाण्याबद्दल बायांच्या समजुती काय आहेत याचाही अभ्यास केला. आता याला मिश्र संशोधन म्हणायचं का?

आकडेमोड
काटेकोरपणे नाही. ते दोन स्वतंत्र अभ्यास आहेत, एकाच आराखड्यातले नव्हेत. पण विचाराची दिशा तीच: आधी किती, मग का. या क्रमाला मिश्र संशोधनावर लिहिणाऱ्या क्रेसवेल आणि प्लॅनो क्लार्क यांच्या वर्गीकरणात स्पष्टीकरणात्मक अनुक्रमिक आराखडा म्हणतात. उलट बाजूने गेलात, म्हणजे आधी मुलाखती घेऊन त्यातून प्रश्नावली बांधली, तर तो शोधक अनुक्रमिक. दोन्ही माहिती साधारण एकाच काळात गोळा करून शेवटी शेजारी ठेवल्या तर अभिसारी.

वाचनवेडी ताई, तुमचं यातलं कुठलं?

वाचनवेडी
पहिलं. आकड्यांत असं दिसलं की काही घरांतला मुलगा दिवाळीनंतरही हजर आणि त्याच घरातली मुलगी गैरहजर. म्हणून मुलाखतींसाठी मुद्दाम तीच घरं निवडली. एक आजी म्हणाली, “पोराला हंगामी वसतिगृहात टाकलं. पोरगी गेली आईसंगं, कोपीवर धाकट्याला कोन बघनार?” कोपी म्हणजे तोडणीच्या ठिकाणची तात्पुरती झोपडी. आई-बाप दोघं मिळून एक ‘कोयता’, म्हणजे तोडणीची एक जोडी, त्यामुळे दोघंही उसाच्या फडात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, त्यामुळे एकीने मागे राहायची सोयच नाही.

शिवार
ताई, मेळ तुम्ही घातलेलाच आहे! आकड्यांवरून घरं निवडलीत, हाच पहिला सांधा. तो पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा, नाहीतर परीक्षकाला दिसणार नाही. दुसरा सांधा निष्कर्षात: एक संयुक्त तक्ता करा. डाव्या रकान्यात हजेरीचा आकडा, मधल्यात त्या घरातलं बोलणं, उजव्यात दोन्ही मिळून काय कळलं ते. उजवा रकाना रिकामा राहिला तर समजा, अजून काम बाकी आहे.

आकडेमोड
आराखडा थोडक्यात मांडण्यासाठी जॅनिस मोर्स या संशोधिकेने 1991 मध्ये एक खुणांची पद्धत सुचवली होती. जी बाजू प्रमुख ती रोमन मोठ्या अक्षरांत, पूरक ती लहान अक्षरांत, एकामागून एक असेल तर बाण, एकाच वेळी असेल तर अधिक चिन्ह. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, म्हणून मराठी प्रबंधांत ती उचलली की नुसता बाण उरतो आणि प्राधान्य कुणाला ते हरवतं. सरळ शब्दांत लिहा: ‘प्रमुख संख्यात्मक → पूरक गुणात्मक’.

वाचनवेडी
लिहिते. एक अडचण आहे. काही मुलं हजेरीपटावर नियमित हजर दिसतात, पण घरचे सांगतात की पोर महिनाभर कारखान्यावर होतं. अशी घरं गाळून टाकू का?

शिवार
गाळू नका. आकडा आणि बोलणं जुळत नाही तिथे वेगळा उपविभाग करा. पटावर हजेरी कशी लागते, कुणासाठी लागते, हे त्यातूनच पुढे येईल. घरांची आणि शाळांची नावं मात्र कुठेही येऊ देऊ नका, मुलांना त्रास होईल.