जुनी डिझेल पिकअप: अल्टरनेटर १४ व्होल्ट देतो, तरी बॅटरी उतरते

प्रश्न (पिकअपवाला)

यांत्रिक इंजेक्शन पंपाची जुनी डिझेल पिकअप आहे. १२ व्होल्ट, ७० अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा), त्याच्याच मागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप. बॅटरी ८० एएच (अँपिअर-तास), चार महिन्यांपूर्वीच बदललेली. अल्टरनेटरचे कार्बन (ब्रश) आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटरही नवे टाकलेत. दिवसा चालवली तर काही त्रास नाही. रात्री हेडलाइट आणि ब्लोअर लावून तास-दोन तास चालवली की सकाळी सेल्फ जड फिरतो. शिवाय रात्री डॅशवरचा बॅटरीचा दिवा अगदी मंद, अंधारातच दिसेल इतका लाल राहतो. हेडलाइट बंद केले की विझतो. अल्टरनेटरमधली डायोड प्लेट (एसीचा डीसी करणारी) गेली असेल का? सरळ अल्टरनेटरच बदलू?

उत्तर १ (मल्टीमीटर)

अजून बदलू नका. मंद दिवा दिसला की सगळे डायोडवर बोट ठेवतात, पण लोड टाकल्यावर पेटतो आणि काढल्यावर विझतो म्हणजे बहुतेक तारेत कुठेतरी व्होल्टेज गळतंय. त्या दिव्याच्या एका टोकाला इग्निशन स्विचमधून बॅटरीकडचा प्लस असतो, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटर. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज असलं की दिवा विझतो. अल्टरनेटर १४ वर आणि बॅटरीकडची बाजू १२.५ वर असेल, तर उरलेल्या दीड व्होल्टवर बल्बची तार लालसर होते. दिवा फक्त हा फरक दाखवतोय.

आता मोजा. इंजिन १५०० आरपीएमवर, आधी सगळं बंद ठेवून, मग हाय बीम आणि ब्लोअर फुल लावून:

- बॅटरीच्या दोन पोस्टमध्ये (क्लॅम्प बसतात ती शिशाची टोकं)
- अल्टरनेटरच्या बी प्लस बोल्टपासून (बॅटरीकडे जाणारी जाड वायर लागते तो) त्याच्याच बॉडीपर्यंत
- बी प्लस बोल्टपासून बॅटरीच्या प्लस पोस्टपर्यंत
- अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनस पोस्टपर्यंत

प्रोब क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोस्टवरच टेकवायचा. खराबी पोस्ट आणि क्लॅम्पच्या मधे असली तर क्लॅम्पवर घेतलेलं रीडिंग तिला लपवतं. लोडवर प्लस बाजूला ०.३ आणि मायनस बाजूला ०.२ व्होल्टपर्यंत चालेल.

मग मीटर एसी व्होल्टवर टाकून बी प्लस आणि बॉडीमध्ये बघा. ०.१ च्या आत असेल तर डायोड ठीक. ०.५ च्या वर गेलं तर डायोड गेलाय.

उत्तर २ (काळा धूर)

वरच्याशी सहमत. बेल्टही बघून घ्या, दोन मिनिटांचं काम. व्ही बेल्ट पुलीच्या बाजूंना घट्ट बसून ओढतो, तळाला टेकून नाही. पुलीचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर बेल्ट झिजून खाली बसलाय. कितीही ताणला तरी लोडवर घसरणारच. नवा टाकलात तर अर्धा तास चालवून पुन्हा ताणा.

व्हॅक्यूम पंप मागे आहे म्हणून अजून एक: पंपाचं सील गेलं की इंजिन ऑइल अल्टरनेटरच्या आत शिरतं आणि कार्बन चिकटून बसतात. नवे कार्बन टाकूनही चार्जिंग तुटक येत असेल तर आधी मागची बाजू ओली आहे का ते बघा.

आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून ‘बंद पडतं का’ बघायचा जुना प्रयोग कृपया करू नका. यांत्रिक पंपाच्या डिझेलला चालू राहायला फार तर स्टॉप सोलेनॉइडपुरती (डिझेल बंद करणारी विजेची झडप) वीज लागते, त्यामुळे त्यातून कळत काहीच नाही. वर व्होल्टेज उसळून डायोड आणि रेग्युलेटर मात्र जातात.

पिकअपवाला

रीडिंग घेतली. लोड नसताना: बॅटरी १३.९, अल्टरनेटर १४.२. लोडवर: बॅटरी १२.९, अल्टरनेटर १४.१. प्लस बाजूचा फरक १.१२, मायनस बाजूचा ०.०८. एसी ०.०४. बेल्ट पुलीच्या काठाशी बरोबर बसतो, तळाला टेकत नाही. मागची बाजू कोरडी आहे.

उत्तर ३ (मल्टीमीटर)

मग अल्टरनेटर निर्दोष, अर्थिंगही उत्तम. प्लसच्या वायरीत १.१२ व्होल्ट अडकलेत. ४० अँपिअर जात असतील तर जवळपास ४५ वॉट, म्हणजे एका सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता कुठल्यातरी एका सांध्यात तयार होतेय. आता तेवढा सांधा शोधायचा.

लोड तसाच ठेवा. एक प्रोब बी प्लस बोल्टवर धरून ठेवा आणि दुसरा पुढे सरकवत न्या: वायरचं थिंबल (टोकाची दाबून बसवलेली कडी), फ्युजिबल लिंकचं (फ्यूजसारखा वितळणारा वायरचा तुकडा) अलीकडचं टोक, पलीकडचं टोक, स्टार्टरचा म्हणजे सेल्फचा बोल्ट, बॅटरी पोस्ट. आकडा जिथे एकदम उडी मारेल तिथेच दोष. इन्सुलेशनला पिन टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरून पुढच्या वर्षी तिथेच हिरवा गंज येतो. पंखा आणि बेल्टपासून मीटरच्या वायरी लांब.

पिकअपवाला

थिंबलपर्यंत ०.०२, लिंकच्या अलीकडे ०.१०, पलीकडे एकदम १.०१, स्टार्टरच्या बोल्टवर १.०५, पोस्टवर १.१२. लिंकचं टोक हाताला चटका देतंय आणि बाहेरचं रबर कडक झालंय. साधी जाड वायर टाकून लिंक काढून टाकली तर चालेल का?

उत्तर ४ (काळा धूर)

नाही. ती वायर कुठे बॉडीला घासून शॉर्ट झाली तर बॅटरीचा शेकडो अँपिअर करंट तिच्यातून जाईल आणि अख्खं हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) पेटेल. लिंक तिथे त्यासाठीच आहे. त्याच मापाची नवी लिंक लावा, किंवा ७० च्या अल्टरनेटरला ८० किंवा १०० अँपिअरचा बोल्ट लावायचा मेगा फ्यूज, झाकणाच्या होल्डरमध्ये, बॅटरीच्या जवळ.

वायर जुनीच असेल तर तीही बदला. दीड मीटर लांबीच्या १० चौरस मिलिमीटरच्या तांब्यात ७० अँपिअरला साधारण ०.२ व्होल्ट पडतात, १६ मध्ये ०.१२. म्हणून १६ घ्या. थिंबल पक्कडीने दाबू नका, क्रिंपिंग टूलनेच दाबा आणि वर गोंदवाली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. कामाआधी बॅटरीचा मायनस काढा. बी प्लस चावी काढलेली असली तरी जिवंतच असतो.

उत्तर ५ (सातच्या आत सेल्फ)

एवढं झाल्यावरही सकाळी सेल्फ जड वाटला तर दोन जागा उरतात. गाडी रात्रभर उभी असताना अल्टरनेटरची बॉडी सकाळी किंचित कोमट लागते का ते हाताने बघा. लागली तर एखादा डायोड उलटा गळतोय. दुसरी जागा हीटर प्लगचा (थंड इंजिन सुरू करताना तापणारे प्लग) रिले, म्हणजे त्यांचा विजेवर चालणारा स्विच. तो चिकटला तर चार प्लग मिळून ४० अँपिअरच्या आसपास सतत खातात आणि इंजिन चालू असताना कळतही नाही. इंजिन गरम झाल्यावर प्लगच्या जाड वायरीभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावा, शून्य दिसायला हवं.

बॅटरी महिनोन्महिने अर्धपोटी राहिलीय, ती फक्त गाडीत चालवून भरून येणार नाही. बाहेर काढून ८ अँपिअरवर चार्ज करा आणि हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारा) दर तासाला बघा. सलग तीन रीडिंग तेच आलं की झालं. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० ने मागे राहिला तर तो सेल गेला.