हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दीर्घकाळ घेणाऱ्यांना डोळ्यांच्या तपासणीची सक्ती असावी का?

मूळ लेखन:
माझी मावशी संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची ४०० मिलिग्रॅमची गोळी १४ वर्षे रोज घेत होती. पोथी वाचताना शब्दांमधली अक्षरे गळाल्यासारखी वाटतात, असे ती म्हणू लागली, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलला असेल अशी आम्ही समजूत करून घेतली. ओसीटी (दृष्टिपटलाच्या थरांचे स्कॅन) केल्यावर दृष्टिपटलाच्या मध्यभागाभोवतीचा थर विरळ झाल्याचे कळले. या गोळीमुळे होणारे हे नुकसान भरून येत नाही. गोळी बंद केल्यावरही ते वाढू शकते. म्हणून डोळे तपासल्याचा कागद पाहिल्याशिवाय ही गोळी पुढे लिहून देऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
तुमचे दुःख समजते, पण ही अट मला घातक वाटते. मला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे आणि ही गोळी अचानक थांबली तर आजार उसळून मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. ज्या बाईला ओसीटीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी जावे लागते, ती तपासणी करण्याऐवजी गोळीच सोडून देईल. मात्रा योग्य असेल तर पहिल्या ५ वर्षांत धोका १ टक्क्याहूनही कमी असतो.

प्रतिसाद २:
तो आकडा खरा आहे, पण २० वर्षांनंतर धोका २० टक्क्यांच्या आसपास जातो, हेही त्यासोबत सांगायला हवे. अमेरिकेच्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार पहिली तपासणी वर्षभरात आणि ५ वर्षांनंतर दरवर्षी करावी. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचे औषध) चालू असेल, तर त्याआधीच. आशियाई रुग्णांत इजा बऱ्याचदा दृष्टिपटलाच्या मध्यापासून दूर सुरू होते, त्यामुळे फील्ड टेस्ट (नजरेचा कोणता भाग दिसत नाही ते शोधणारी तपासणी) केवळ मधल्या भागाची केली तर ती इजा निसटू शकते. आणि मूळ प्रश्न मात्रेचा आहे: दर किलो वजनामागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. मावशींचे वजन किती होते?

मूळ लेखक:
४२ किलो. म्हणजे २१० मिलिग्रॅम ही तिची मर्यादा होती आणि ती जवळजवळ दुप्पट घेत होती. हा हिशेब मी आज पहिल्यांदा केला. गोळी अडवण्याची अट मी मागे घेतो. मात्र रुग्णाचे वजन आणि गोळी सुरू केल्याची तारीख प्रत्येक चिठ्ठीवर असलीच पाहिजे, कारण त्यासाठी कोणाला जिल्ह्याच्या गावी जावे लागत नाही.

प्रतिसाद १:
याला माझी पूर्ण सहमती आहे. माझ्या चिठ्ठीवर वजन नाही. पुढच्या भेटीत ते लिहून मागणार आहे.