मदत हवी आहे: आफ्रिकी लेखिकांच्या कादंबऱ्या मराठीत आहेत का?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत आम्ही आठ-दहा बायका महिन्यातून एकदा पुस्तकावर बोलायला जमतो. गेल्या वेळी मी झिम्बाब्वेच्या त्सित्सी डांगारेम्ब्गा यांच्या 'नर्व्हस कंडिशन्स' (१९८८) या कादंबरीबद्दल सांगितलं. तांबू ही गावाकडची मुलगी. घरात पैसा नाही, त्यामुळे शाळेत जाणार तो भाऊच. ती हट्टाने मका लावते, कणसं विकून फी भरायची म्हणून. आणि तो भाऊच तिची कणसं चोरून पोरांत वाटून टाकतो! एवढं ऐकल्यावर आमच्यातल्या सत्तरीच्या एक काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला हे पुस्तक वाचायचंय."

अडचण अशी की काकूंना इंग्रजी वाचवत नाही. तर या कादंबरीचा मराठी अनुवाद कुणाच्या पाहण्यात आहे का? नसेल तर हिंदीही चालेल. सेनेगलच्या मारियामा बा यांची 'सो लाँग अ लेटर' ही १९७९ची छोटी कादंबरीही हवी आहे. नवरा मुलीच्याच मैत्रिणीला सवत म्हणून आणतो आणि तो गेल्यावर सुतकाच्या दिवसांत ही बाई जिवलग मैत्रिणीला लांबलचक पत्र लिहिते. मूळ फ्रेंच आहे. मला तर ती जास्तच भिडली.

अचेबे, न्गुगी या आफ्रिकी पुरुष लेखकांची नावं बरेच जण सुचवतात, पण सध्या बायकांनी लिहिलेलंच वाचायचं ठरलंय. पुण्यात एखाद्या ग्रंथालयात प्रत असेल तर तेही कळवा. पुढची बैठक तीन आठवड्यांवर आहे.