फ्लोराइडचा प्रश्न विधिमंडळापर्यंत न्यायचा असेल, तर गावाने नेमके काय लिहून द्यावे?

केळापूरकर (प्रश्न)

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यात आहे. गावातल्या दोन बोअरिंगच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त असल्याचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीकडे आहे आणि त्या बोअरिंगवर एके काळी लाल रंगाचा पट्टाही मारलेला होता. तो आता पुसट झाला आहे आणि नळाला पाणी आले नाही की त्याच पाण्याचे हंडे घरोघरी जातात. लहान मुलांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी चट्टे सगळ्यांनाच दिसतात. मोठ्यांच्या गुडघे-कंबरदुखीला मात्र अजूनही वयाचेच कारण दिले जाते.

नागपूरचे हिवाळी अधिवेशन जवळ आले की तरुण मंडळी मोर्चा नेण्याची भाषा करतात. मोर्चाला आमचा विरोध नाही, पण तेथे शिष्टमंडळाला आत बोलावले तर हातात कोणता कागद द्यायचा, यावर गावात एकमत होत नाही. काहींच्या मते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावी, काहींच्या मते नवा कायदा मागावा, तर काही जण म्हणतात की कायदे पुष्कळ आहेत, अंमलबजावणी मागा. यांपैकी काय मागणे योग्य ठरेल आणि ते कोणाकडे मागावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त विस्तार अधिकारी, वर्धा

आपल्या प्रश्नातील पहिला पर्याय आधी बाजूला ठेवू. १९७४ चा जलप्रदूषण कायदा सांडपाणी सोडणाऱ्याला धरतो. त्यात कारखाना, नगरपालिका असा कोणीतरी पाणी घाण करणारा लागतो. आपल्याकडचे फ्लोराइड खडकातून पाण्यात उतरते, त्यामुळे मंडळाकडे अर्ज केला तर आमच्या कक्षेत बसत नाही असे उत्तर येईल आणि त्यात एक अधिवेशन वाया जाईल.

आपला आधार राज्याच्याच कायद्यात आहे. पाणी हा राज्यसूचीतील विषय आहे. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी भूजल विनियमनाचा कायदा केला होता आणि त्याचा सारा भर पाण्याच्या प्रमाणावर होता. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, अशा प्रकारचे निर्बंध त्यात होते. त्याच्या जागी आलेल्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये, जो प्रत्यक्षात १ जून २०१४ पासून अमलात आला, भूजलाच्या गुणवत्तेचे संरक्षण हा विषय स्पष्टपणे घेतलेला आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण हेच राज्य भूजल प्राधिकरण म्हणून काम पाहते. म्हणून नवा कायदा मागण्याची गरज मला दिसत नाही.

नागरिकाला खरा वाव नियमांत असतो, कारण अधिनियमात तत्त्व असते आणि कोणी, किती दिवसांत, कोणत्या नमुन्यात काय करायचे हे नियमांत ठरते. या अधिनियमाखालील नियमांचा मसुदा जुलै २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हरकती व सूचनांसाठी ३१ ऑगस्टपर्यंत मुदत होती. ऐन निंदणाच्या दिवसांत असा मसुदा वाचणार कोण, हा प्रश्न वेगळा. पण पुढे कोणताही मसुदा किंवा दुरुस्ती आली तर तयार कागद गावाच्या कपाटात असला पाहिजे.

विधिमंडळाचे मार्गही नीट वेगळे करून घ्यावेत. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात तो, अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, त्यामुळे आमदारांना डिसेंबरमध्ये गाठून त्याचा उपयोग नाही. तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना अधिवेशन चालू असताना देता येते. आमदारांमार्फत विनंती अर्जही सादर करता येतो आणि त्यासाठी स्वतंत्र विनंती अर्ज समिती आहे. मंत्र्यांनी सभागृहात कार्यवाहीचा शब्द दिला, तर तो आश्वासन समितीच्या पाठपुराव्यात जातो. म्हणून भाषणापेक्षा कामकाजाच्या नोंदीतले एक वाक्य मला अधिक मोलाचे वाटते. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले तर लोकांच्या सूचना थेट मागवल्या जातात. विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी त्या समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या होत्या. पाण्याच्या विषयावर खेड्यांतून इतके कागद गेल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

खारपाणपट्टा, दर्यापूर

वरील विवेचन योग्य आहे, तरी एक धोका सांगणे आवश्यक वाटते. २०१८ च्या त्या मसुद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअरवर बंधन आणि विहिरींची नोंदणी या तरतुदी होत्या, आणि शेतकऱ्यांपर्यंत मसुद्यातले तेवढेच पोहोचले. गुणवत्तेच्या तरतुदींवर चर्चा झालीच नाही. आपल्या निवेदनात "भूजल कायदा कडक करा" असे मोघम वाक्य गेले, तर संत्र्याच्या बागा असलेले गावातलेच लोक पहिल्यांदा उलटतील, आणि त्यांची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

आमच्या पूर्णा खोऱ्यात पाणी मुळातच खारे आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतील गावे अनेक वर्षे निवेदने देत आहेत. त्यांतली बरीच निवेदने "शुद्ध पाणी मिळावे" एवढ्यावर थांबतात, आणि तेवढ्यावर कोणताही अधिकारी "योजना प्रस्तावित आहे" असे लिहून मोकळा होतो.

सरपंच ताई, झरी-जामणी

निवेदनाच्या आधी नमुना नीट घ्यावा, कारण सगळी इमारत त्यावरच उभी राहते. फ्लोराइडच्या तपासणीसाठी बाटली प्लास्टिकचीच हवी. काचेशी फ्लोराइडची प्रक्रिया होते आणि आकडा खोटा पडतो. बोअरिंग काही मिनिटे हापसून, बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरावी आणि ठिकाण व तारीख लिहिलेली चिठ्ठी जागेवरच चिकटवावी. आमच्या जलसुरक्षकाने एकदा चिठ्ठ्या घरी येऊन लावल्या, त्यामुळे कोणते पाणी कोणत्या बोअरिंगचे हेच सांगता येईना. उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यानंतरचा असे दोन्ही अहवाल शेजारी ठेवावेत. पावसानंतर आकडा बऱ्याचदा खाली येतो आणि नेमका तोच अहवाल पुढे केला जातो. भारतीय मानकानुसार फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतले जाते. निवेदनात दोन्ही आकडे लिहावेत, नाहीतर १.४ आले की "मर्यादेत" असा शेरा पडतो. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, हेही लिहावे, कारण तो सल्ला अजून दिला जातो.

केळापूर तालुक्यातील आपले गाव अनुसूचित क्षेत्रात येत असेल, तर २०१४ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींच्या कायद्याच्या) नियमांनुसार तेथील ग्रामसभेचे वजन अधिक आहे आणि पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वेगळ्या वस्तीवरच्या, लोकांनाही स्वतःची ग्रामसभा घेता येते. आमच्याकडे कोलाम पोडाचा ठराव वेगळा झाला आणि तो मुख्य गावाच्या ठरावापेक्षा जास्त नेमका निघाला, कारण त्यांच्याकडे दुसरे पाणीच नव्हते.

आरओ यंत्र मागताना मात्र विचार करावा. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड अधिकच घट्ट झालेले असते आणि आमच्या येथे ते सरळ नालीत जाते, जेथे जनावरे तोंड लावतात. तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचीच आहे. ती स्वस्त आहे, पण रोज कोणीतरी मात्रा मोजून घालावी लागते आणि तळाचा गाळही कोठेतरी टाकावा लागतो.

केळापूरकर

सर्वांचे आभार. ग्रामसभेपुढे पुढील मजकूर ठेवण्याचा विचार आहे: "सार्वजनिक पिण्याच्या पाण्यासाठी घेतलेल्या कोणत्याही नव्या बोअरवर पंप बसवण्यापूर्वी फ्लोराइडची तपासणी अनिवार्य करावी, प्रत्येक अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि दूषित आढळलेला स्रोत तत्काळ बंद करावा, अशी तरतूद भूजल अधिनियमाखालील नियमांत व्हावी." शेतीच्या विहिरींचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे.

सरपंच ताई, झरी-जामणी

"तत्काळ बंद करावा" हे शब्द काढा, भाऊ. उद्या कोणी बोअरिंगचा दांडा काढून नेईल आणि तरतूद पाळली असे लिहील, आणि बायांना पुढच्या शिवारातून पाणी आणावे लागेल. "पर्यायी पाणी सुरू झाल्यावरच पिण्यासाठी बंद करावा, तोपर्यंत टँकरने पुरवठा करावा" असे लिहा. भांडी-कपड्यांसाठी ते पाणी चालते, हेही त्यातच नमूद करा.

निवृत्त विस्तार अधिकारी, वर्धा

ताईंची दुरुस्ती मान्य. त्यात जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि दिवसांची मुदत घाला. ठरावाची प्रत आमदारांना देताना मूळ अहवाल देऊ नका, साक्षांकित प्रत द्या आणि पोच घ्या. ग्रामसभा २६ जानेवारीची वाट पाहत ठेवू नका. विशेष ग्रामसभा बोलावता येते आणि हा ठराव अधिवेशनाच्या आधीच हवा.