शेकोटीला धूर फार, मंडळी उठून जातात. काय चुकतंय?

गारठा (प्रश्न)
गाव छोटं, या टोकाहून त्या टोकाला चालत जाता येतं. थंडीत रोज अंधार पडला की मोकळ्या जागेत शेकोटी पेटते, ८-१० जण जमतात. पण पहिली वीसेक मिनिटं नुसता धूर. मग जाळ होतो तेव्हा तोंड भाजतं आणि पाठ गारच, म्हणून वयस्कर मंडळी लगेच उठतात. दम्याचा त्रास असलेल्या एका मित्राने येणंच सोडलंय. शेजारच्या घरातूनही कुरकूर ऐकू येते. लाकूड म्हणजे दोन महिन्यांपूर्वी छाटलेल्या फांद्या, न फोडलेल्या. पेटेनाच तर थोडं रॉकेल ओततो. काय बदलावं?

ढलपी
बाकी सगळं नंतर, आधी लाकूड. दोन महिन्यांची, सालीसकट ठेवलेली फांदी आतून ओलीच असते. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. जाळायला ते २० टक्क्यांच्या खाली यायला हवं. तोवर आगीची धग पाणी उडवण्यातच जाते, ज्वाळा थंड पडते आणि लाकडातून निघणारे जळाऊ वायू न जळताच वर जातात. तोच तुमचा धूर.

ओळखायचं कसं? दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेलं लाकूड टणकन वाजतं, ओल्याचा आवाज बद्द येतो. वाळलेल्याच्या टोकांना भेगा पडलेल्या असतात, साल हाताने सुटते, आणि त्याच जाडीच्या ओल्या तुकड्याहून ते हलकं लागतं. मनगटाएवढ्या जाडीच्या वरचं काहीही उभं चिरून ठेवा, कारण साल पाणी बाहेर जाऊ देत नाही. रचताना जमिनीपासून चार बोटं उंच, वरून झाकलेलं, बाजूंनी मात्र मोकळं. चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की आतल्या आत घाम धरतं आणि बुरशी येते. असं ६ महिने ते वर्षभर. म्हणजे या थंडीसाठी वाळकं लाकूड दुसरीकडून मिळवा आणि तुमच्या फांद्या आत्ताच फोडून पुढच्या थंडीला ठेवा.

आता रचना. बहुतेक जण खाली काटक्या आणि वर ओंडके ठेवतात. उलट करून बघा. तळाला मनगटाएवढी ३-४ लाकडं, मध्ये बोटभर फट ठेवून. त्यावर आडवी अंगठ्याएवढी. त्यावर पुन्हा आडव्या पेन्सिलीएवढ्या काटक्या, दोन मुठी तरी. सगळ्यात वर वाळकी पानं किंवा लाकडाचा भुसभुशीत कीस. पेटवायचं वरून. खालचं लाकूड तापून जो वायू सोडतं त्याला ज्वाळेतूनच वर जावं लागतं, म्हणून तो जळून जातो. फसतं ते दोन कारणांनी: काटक्या कमी पडतात, किंवा कुणाला तरी राहवत नाही आणि तो काठीने ढोसत बसतो. पहिली १० मिनिटं हात लावायचा नाही. (प्रत्येक कट्ट्यावर असा एक ढोसणारा असतोच. त्याला लाकडं फोडायला बसवा.)

८-१० जणांना दीड तास बसायला वाळकं लाकूड साधारण ८ ते १० किलो पुरतं. एकदम घालू नका, निखारे झाले की एकेक तुकडा.

रॉकेल बंद करा. निखाऱ्यावर पडलेल्या रॉकेलची गरम होऊन वाफ होते, आणि ती वाफ एकदम भडकते. पेट्रोल तर त्याहून वाईट, त्याची वाफ थंडीतही तयार होते आणि जमिनीलगत सरकत दूरवर जाते.

वाऱ्याकडे पाठ (दुसरं उत्तर)
धग सरळ रेषेत येते, त्यामुळे पाठ तापणारच नाही. जाळ मोठा करून काही होत नाही, लोक फक्त मागे सरकतात. छोटी आगटी, अर्धवर्तुळात बसणं आणि पाठीमागे भिंत किंवा आडोसा, एवढं करा. आग मात्र भिंतीला खेटून नको, गिलावा तडकतो. आगीपासून माणसं सव्वा ते दीड मीटर, गवत-छप्पर-वाहनं किमान ३ मीटर, आणि वर फांदी नको. वयस्करांना गार दगडावर बसवू नका, अर्धी थंडी खालून शिरते. बुडाखाली जाड गोणपाट घडी करून, पाठीवर लोकरीचं पांघरूण. कृत्रिम धाग्याचं जाकीट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं.

आगटीभोवती नदीतले दगड लावू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि कपचे उडतात.

शेजाऱ्यांचं: निवांत थंड रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, म्हणून धूर वर न जाता खिडक्यांच्या उंचीवर पसरतो. आधी एक काटकी पेटवून विझवा आणि तिचा धूर बघा. थोडा वर जाऊन आडवा पडला तर त्या दिवशी शेकोटी नको. आणि त्या घरातल्यांना बोलवा की बसायला. कुरकूर करणारा माणूस आगटीपाशी बसला की वाऱ्याची दिशा तोच सांगतो.

दम्याच्या मित्राला वाऱ्याकडच्या बाजूला बसवणं पुरेसं नाही, वारा फिरतो. खरा धूर पहिल्या अर्ध्या तासात असतो. तेव्हा आग आधी पेटवा आणि निखारे झाल्यावर त्याला बोलवा, त्यानंतर त्याच्यासमोर नवं लाकूड घालू नका. इनहेलर त्याच्या खिशात हवा, घरी नको. तरीही खोकला आला तर आठवड्यातले दोन दिवस आगीशिवाय कुणाच्या तरी ओसरीत बसा. आगीपायी माणूस तुटत असेल तर आगच सोडलेली बरी.

गारठा
वरून पेटवून बघतो. अजून एक: उठताना काही जण उरलेले निखारे घमेल्यात घालून खोलीत नेतात, ऊब राहते म्हणून. चालतं का?

ढलपी
अजिबात नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक वाटतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. आधी डोकं जड, मळमळ, चक्कर. झोपलेल्या माणसाला तेही कळत नाही, जागच येत नाही. खिडकी किलकिली ठेवली तरी भरवसा नाही. कुणाला अशी लक्षणं दिसली तर आधी मोकळ्या हवेत आणा, मग लगेच दवाखाना.

राखण
विझवण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. आग पेटवायला सगळे पुढे, विझवायच्या वेळी सगळ्यांना घर आठवतं. म्हणून रोज विझवणारा कोण, हे पेटवण्याआधीच ठरवा. बादलीभर पाणी आणि थोडी माती जवळ असल्याशिवाय काडी ओढायचीच नाही.

लांबून, वाऱ्याकडच्या बाजूने, थोडं थोडं पाणी. एकदम ओतलं तर वाफेने हात भाजतो. काठीने उलथापालथ करा, पुन्हा पाणी. चुर्र आवाज थांबला की तळहात नाही, हाताची मागची बाजू राखेजवळ न्या. ऊब लागली तर तिसऱ्यांदा पाणी. नुसती माती टाकून जाऊ नका, तिच्याखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो आणि सकाळी खेळणारं पोर त्यावर पाय देतं. राख उचलायची तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, प्लास्टिकच्या बादलीत नको.

भाजलंच तर साधं वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, तेल काही नाही.